विजूच्या वर्गातल्या खाडाखोडीच्या वह्या

विजू,

सोमवारपासून तुझा वर्ग माझ्याकडे आहे. चौथी अ आणि चौथी ब एकत्र, एका बाकावर तिघं-तिघं. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "नवीन शिक्षक मिळेपर्यंत सांभाळून घ्या, शैलाबाई," आणि तुझ्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. तुला जाऊन त्या दिवशी नऊ दिवस झाले होते.

शाळा सुटल्यावर कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात तुझा तो छोटा काळा स्पीकर, वायर गुंडाळून रबर लावलेली. खाली वह्या. मी खाली फरशीवर बसले आणि वाचायला लागले. शिपाईमामा कुलूप लावायला आले तेव्हा कुठे उठले. घरी येताना वाटलं, तुझ्याशी जे बोलायचं राहिलं ते निदान लिहून काढावं. मुलांना तू सांगायचीस, आधी बोला, मग लिहा. मला आता नुसतं लिहायचंच उरलंय.

तू वाकोल्याहून बदली होऊन आलीस तेव्हा मी या शाळेत जुनी झाले होते. घाटकोपरच्या डोंगराखालची ही शाळा, वरच्या वस्तीतून पायऱ्या उतरून येणारी मुलं, सगळं मला पाठ होतं. पहिल्याच दिवशी तू शिक्षकखोलीत मोठ्याने हसलीस आणि मी मनात म्हटलं, ही काही टिकायची नाही इथे. मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीतली, हळू बोलणारी. तू भांडुपची, मालवणच्या परबांची, वडील गिरणीत होते हे अभिमानाने सांगणारी. तू मला "शैलाबाई, तुम्ही" म्हणायचीस आणि मी तुला "परबबाई, तुम्ही". त्या "तुम्ही"त आदर किती होता आणि अंतर किती, ते आपल्या दोघींनाही माहीत होतं.

मग तो मोठा टीव्ही आला. मोठ्या बाईंच्या खोलीत भिंतीला टेकवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. पाहुणे आले की त्याच्याकडे बोट दाखवलं जायचं. काही खराब झालं तर कोण जबाबदार, म्हणून कुणी त्याला हात लावत नव्हतं. तू एका सकाळी गेलीस आणि म्हणालीस, "बाई, हा माझ्या वर्गात लावून द्या. फुटला तर माझं नाव लिहा."

पहिल्या महिन्यात तुझा सपशेल बोजवारा उडाला, आणि खरं सांगते विजू, मला बरं वाटलं. तू मुलांना तयार कार्टून-गोष्टी दाखवायचीस, रंगीत, गाणी असलेल्या. मुलं टाळ्या वाजवायची. मग तू म्हणायचीस, आता लिहा. आणि सगळ्या वह्यांत एकच वाक्य, 'मला कार्टून आवडले.' मधल्या सुट्टीत तू वह्यांचा गठ्ठा माझ्यासमोर टेबलावर टाकलास. "वाट लागली, शैलाबाई. सगळं बोलायचं काम तो टीव्हीच करतो. पोरांना बोलायला काय ठेवतच नाही."

मी म्हणाले, "म्हणून मी फळाच वापरते."

मला वाटलं आता तू टीव्ही परत करशील. त्याऐवजी तू शाळेच्या फाटकाशी बसणाऱ्या किल्लीवाल्याचं चित्रण करून आणलंस. तुझ्याच फोनवर, जेमतेम एक मिनिटाचं. तो किल्ली घासतोय, समोर एक बाई उभी आहे, ती सारखी मागे वळून पाहतेय. बस्स, एवढंच. आणि तू आवाज बंद करून टाकलास. मुलांनी तीनदा पाहिलं. मग तू विचारलंस, "ही बाई काय बोलत असेल?" वर्गात असा गलका झाला की मी भिंतीपलीकडून डस्टर आपटला.

त्या दिवशीची एक वही तू मला मुद्दाम आणून दाखवलीस. त्यात लिहिलं होतं, 'बाई घरा भाहेर आडकली. तिचं दुध गॅसवर हाय.'

मी लाल पेनाने चार चुका दाखवल्या. तू म्हणालीस, "त्या मला पण दिसल्या. पण ते दूध कुठनं आलं, बाई? फिल्ममध्ये दूध नव्हतं."

मी वही मिटून परत दिली. पण ते दूध माझ्या डोक्यातून गेलं नाही. माझ्या वर्गात तेव्हा 'माझी आई' हा निबंध झाला होता. सगळ्यांची आई पहाटे उठत होती, सगळ्यांची आई अभ्यास घेत होती, सगळ्यांची आई सुगरण होती. एकही चूक नव्हती, कारण तो मीच फळ्यावर लिहून दिला होता.

पुढे तू रेकॉर्डिंग सुरू केलंस. मूल आधी फोनमध्ये सांगायचं, मग स्पीकरवर स्वतःचंच बोलणं ऐकायचं आणि लिहायचं. बटण त्याच्याच हातात. दोन शब्द ऐकायचे, थांबवायचं, लिहायचे, पुन्हा ऐकायचे. मला हा वेळेचा निव्वळ अपव्यय वाटायचा. एकदा रजिस्टर घ्यायला मी तुझ्या वर्गाच्या दाराशी आले होते. एक मुलगी आजीबरोबर दवाखान्यात गेल्याचं सांगत होती. "मग आम्ही गेलो, मग रांगेत बसलो, मग आजी झोपली, मग नंबर आला." तू ते वर्गाला ऐकवलंस. तिसऱ्या 'मग'ला ती स्वतःच हसायला लागली. आपणहून उठून म्हणाली, "बाई, मी मग-मगच करतेय नुसतं." तिने खोडरबर घेतलं आणि तीन 'मग' काढून टाकले. चौथा ठेवला. तू विचारलंस, तो का ठेवला? ती म्हणाली, "नंबर लई उशिरा आला ना."

विजू, इतकी वर्षं शिकवून मी एकाही मुलाला स्वतःचं वाक्य असं स्वतः दुरुस्त करताना पाहिलं नव्हतं. माझी मुलं लाल रेघ दिसली की चूक पाच वेळा लिहायची. मी रजिस्टर न घेताच परत गेले.

आता ती गोष्ट सांगते जी मी तुला कधी सांगितली नाही. म्हणजे तुला माहीत होती, तू समोरच होतीस. पण मी तोंडाने बोलले नाही.

निरीक्षकसाहेब वह्या तपासायला आले होते. त्यांनी टेबलावर एका बाजूला माझ्या वर्गाच्या वह्या ठेवल्या, एका बाजूला तुझ्या. तुझ्या वह्यांत खाडाखोड, बाण, वर लिहिलेले शब्द, 'हाय' आणि 'व्हतं'. ते पानं उलटत म्हणाले, "परबबाई, टीव्ही लावून मुलांना हे असलं लिहायला शिकवता? यांच्या वह्या बघा जरा." आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही अनुभवी आहात. तुम्हाला काय वाटतं?"

दवाखान्यातली ती मुलगी मला आठवत होती. गॅसवरचं दूध आठवत होतं. आणि मी म्हणाले, "पाया कच्चा राहतो, सर."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. बसची वाट बघत असताना भलत्याच नंबरची बस यावी, तसं. मग साहेबांना म्हणालीस, "सर, दिवाळीपर्यंत वेळ द्या." ते बरं म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गाला सांगितलं, आज शाळेत येताना काय काय पाहिलं ते लिहा. मुलं पेन्सिली घेऊन बसून राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पहिल्या बाकावरची माझी सगळ्यात हुशार मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, फळ्यावर लिहून द्या ना." बाकीची पण म्हणायला लागली, "हो ना बाई, द्या ना." मी खडू हातात घेतला, आणि मला लिहिता येईना.

मधल्या सुट्टीत मी तुझ्या वर्गात आले. तू डबा खात होतीस. मी विचारलं, "तो किल्लीवाल्याचा व्हिडिओ मला द्याल का?" तू एका शब्दाने विचारू शकली असतीस, कालचं काय? तू डब्याचं झाकण माझ्यापुढे सरकवलंस, त्यात बांगड्याची एक तुकडी. मी खात नाही हे तुझ्या लक्षात आलं तशी जीभ चावलीस आणि म्हणालीस, "सॉरी गं. भाकरी तरी खा." तेव्हापासून आपण 'तू' झालो.

तू तो विषय कधी काढला नाहीस, म्हणून मीही काढला नाही. आपलं छान चाललं होतं. छान चाललेलं असलं की माफी मागायचं राहून जातं.

त्यानंतरचं दीड वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं. रविवारी मुलं घरच्यांच्या फोनवर वस्तीतले फोटो काढून आणायची. सोमवारी ते टीव्हीवर लागायचे. कुठला आधी, कुठला नंतर यावर भांडणं, आणि एकेका फोटोखाली एकेक ओळ. लिहिताना आवाज तू ऐकवायचीस, आणि लिहून झालं की दुसऱ्या फेरीला मी. "आता या शैलाबाई, ऑपरेशन करा," तू म्हणायचीस. मी लाल पेन सोडून पेन्सिल घेतली होती. तरी आपण रोज भांडायचो. तुझं म्हणणं, पहिल्या कागदाला हात लावू नकोस. माझं म्हणणं, मूल एकदा 'पानी' लिहायला शिकलं की ते आयुष्यभर 'पानी' लिहिणार.

"डोंगरावर पाणी येऊ दे, पानी येऊ दे, आधी येऊ तर दे," तू म्हणालीस.

"आणि पाचवीत गेल्यावर दुसऱ्या बाई त्याला हसतील, तेव्हा?"

यावर तू वह्या उचलून वर्गात गेलीस. दोन दिवसांनी येऊन म्हणालीस, "तुझं बरोबर आहे. हसू देऊन चालणार नाही. मला ऱ्हस्व-दीर्घ कसं समजावतेस ते शिकव. माझंच कच्चं आहे." तीस-चाळीस मुलांसमोर तू माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलीस, वही घेऊन. तुझ्याएवढी वर्षं नोकरी केलेली दुसरी कुठलीही बाई अशी बसली नसती. मी तर नक्कीच बसले नसते.

दिवाळीनंतर निरीक्षकसाहेब पुन्हा आले. त्यांनी तुझ्या वर्गाला, वह्या मिटून, समोर दिसेल ते लिहायला सांगितलं. मुलांनी त्यांच्याबद्दलच लिहिलं. 'साहेबांचा बूट चिखलात भरला आहे पण ते रागावले नाहीत.' साहेबांनी ते वाचलं, खाली बुटाकडे पाहिलं आणि हसले. जाताना म्हणाले, "शुद्धलेखनाकडे लक्ष द्या." तू म्हणालीस, "ते शैलाबाई बघतात." माझं नाव तू तिथे आपणहून घेतलंस, विजू.

आणि मग यंदा कोमल आली. जूनमध्ये गावाहून, थेट चौथीत. फळ्यावरचं मोत्यासारखं उतरवायची. बोलायला लागली की थांबायची नाही. पण ऐकलेलं लिहायचं म्हटलं की हात जागच्या जागी गोठायचा. रेकॉर्डिंग ऐकवून पाहिलं, फोटो दाखवून पाहिले. तिला अक्षरं येत होती, पण आपल्या तोंडून निघालेला शब्द अक्षरांत बसतो यावर तिचा विश्वासच नव्हता. तू तिच्यामागे चार महिने हात धुऊन लागली होतीस.

त्या गुरुवारी तू फोन नाचवत शिक्षकखोलीत आलीस. "शैला, हे बघ. आपण बोलतो ना, तसं हा स्वतःच लिहून काढतो. मराठीत, झकास. कोमलला देऊन बघू या."

मी तडकले. "मग शाळा कशाला हवी? तो लिहील आणि ती बघत बसेल. इतके दिवस तूच सांगतेस ना, टीव्ही बोलला की पोरं गप्प होतात? फोनने लिहिलं की हात गप्प होणार."

"सगळ्यांना नाही गं. तिच्या एकटीसाठी. तिला एकदा तिचे शब्द दिसू देत."

"तिच्यासाठी म्हणून सुरू होईल आणि मग सगळ्यांना तेच हवं असेल."

"तू ना घाबरतेस. पहिल्यापासून."

"आणि तू ना, नवीन काही दिसलं की झेपावतेस. पहिल्या महिन्यात काय झालं होतं, विसरलीस?"

ते मी बोलायला नको होतं. तू फोन पर्समध्ये टाकलास. "गप रव गो," म्हणालीस, पण हसलीस. "सोमवारी बोलू."

शुक्रवारी ताप आला म्हणून तू रजा टाकलीस. सोमवारी तू आली नाहीस. मंगळवारी तुला दवाखान्यात ठेवलं हे कळलं. बुधवारी मी आले तेव्हा हाताला सलाईन, ओठ सुकलेले. तुझे सुभाषराव बाहेर औषध आणायला गेले होते, खोलीत आपण दोघीच. तू विचारलंस, "कोमलला दिलास का फोन?"

मी म्हणाले, "तू बरी होऊन ये, मग बघू."

"म्हणजे नाही दिलास."

"पड तू आता. बोलू नकोस."

त्या खोलीत मला वेळ होता. साहेबांसमोर जे बोलले त्याबद्दल मी तिथे बोलू शकले असते. पण ताप आलेल्या माणसाची माफी मागितली तर त्याला वाटेल आपण मरणार आहोत, असा काहीतरी विचार करून मी तुझी चादर सारखी केली आणि निघाले. शनिवारी सकाळी सुभाषरावांचा फोन आला. त्यांनी एवढंच म्हटलं, "तुमची मैत्रीण गेली."

म्हणून आता लिहिते. त्या दिवशी माझं चुकलं होतं. तुझ्या वर्गाचा पाया कच्चा नव्हता. मला ते तेव्हाच माहीत होतं, आणि माहीत असून मी तसं बोलले. तू मला दुसऱ्या दिवशी भाकरी दिलीस. इतकं सोपं करून दिलंस तू, की मला वाकावंच लागलं नाही.

सोमवारी एकत्र वर्गात गेले तेव्हा तुझी मुलं उभी राहिली, माझी पण. कुणी रडलं नाही. मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, परबबाईंवर पाच ओळी लिहून घ्या, सूचनाफलकावर लावू. मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. माझ्या वर्गातल्याही एकाने लिहून द्या म्हटलं नाही, हे तुला सांगायचं होतं. एकीने लिहिलं, 'बाई ओरडायच्या पण ओरडून झालं की हसायच्या.' एकाने लिहिलं, 'त्यांना माझा आवाज आवडायचा. मला आवडत नव्हता. आता आवडतो.' सगळे कागद लावले. चुकांसकट. मोठ्या बाई वाचत उभ्या राहिल्या.

कोमलचा कागद कोरा होता.

काल मधल्या सुट्टीत मी तिला थांबवून घेतलं. वर्गात आम्ही दोघीच. मी माझा फोन काढला, माझ्या मुलाकडून आदल्या दिवशी शिकून आले होते कुठलं बटण दाबायचं ते. मनात अजूनही धाकधूक होती की मी तुझ्यासाठी म्हणून एका मुलीचं नुकसान करतेय. तिला म्हटलं, "परबबाईंबद्दल काहीतरी सांग."

ती फोनकडे बघत हळूच म्हणाली, "माझी आय म्हनली, बाईंच्या घरी जाऊन येऊ."

पडद्यावर अक्षरं उमटली. कोमल एकदम मागे सरकली. मग पुढे वाकली. एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. 'माझी आई म्हणाली बाईंच्या घरी जाऊन येऊ.' पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वर बघितलं.

"बाई, यानं चुकवलं."

"कुठे?"

"मी आय बोलले. यानं आई लिवलं."

माझ्या तोंडात ओळखीचं वाक्य आलं. "अगं, पुस्तकात आईच असतं. आई बरोबर आहे."

तिने पुन्हा त्या शब्दावर बोट ठेवलं. "बरोबर आहे बाई. पन ती माझी आय आहे."

आणि तिने वही ओढली, पेन्सिल घेतली आणि लिहायला लागली. फोनमधलं वाक्य उतरवलं, 'म्हणाली' तसंच ठेवलं, 'ण'सकट, आणि 'आई'च्या जागी 'आय' लिहिलं. मला वाटलं आता थांबेल. तिने फोन माझ्याकडे सरकवून दिला आणि पुढचं वाक्य फोनशिवाय लिहिलं. हात अडखळत होता. एक शब्द खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. ओठ हलत होते. मी वाकून बघत नव्हते, पण ती काय लिहितेय ते दिसत होतं. तुझ्या घराच्या पायऱ्या, दाराबाहेरच्या चपला, आणि आत कोण कोण बसलं होतं ते.

तिच्याकडून फोन काढून घ्यावा लागेल अशी भीती मला होती, आणि तिने तो स्वतः परत दिला. उद्या दुसरं कुणी मागेल, आणि ते तो असा परत देईल की नाही, मला माहीत नाही. हे भांडण आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी करायचंय.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुलं दारात गोळा झाली, ढकलाढकली सुरू झाली. कोमलचा डबा बाकावर न उघडलेला होता आणि ती पानाच्या मध्यावर आली होती. मी दाराकडे गेले, तोंडावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना बाहेरच थांबवलं.

शैला